अबू सय्याफच्या दारातून जाताना

कालिमंतानला, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागात, कोळसा भरला आणि आता चीनला नेऊन टाकायचा, एवढंच साधं व्हॉयेज होतं. 2016 चा नोव्हेंबर नुकता लागलेला, मी सेकंड मेट, म्हणजे चार्टवर रूट आखायचं काम माझ्याकडं. मकासारच्या सामुद्रधुनीतून वर, मग सेलेबीस समुद्र, मग सिबुतू पॅसेजमधून सुलू समुद्रात, अशी पेन्सिलीची रेघ मारून चार्ट कॅप्टनसमोर ठेवला तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. कारण दोनच आठवड्यांपूर्वी, 20 ऑक्टोबरला, त्याच पट्ट्यात डाँग बँग जायंट नंबर 2 नावाच्या कोरियन जहाजावर अबू सय्याफचे, म्हणजे दक्षिण फिलिपिन्सच्या बेटांवरच्या हत्यारबंद टोळ्यांचे, दहाएक बंदूकवाले चढले होते आणि कॅप्टनला आणि एका फिलिपिनो खलाशाला स्पीडबोटीत घालून घेऊन गेले होते. जहाज तसंच सोडून. त्याआधी टग आणि फिशिंग बोटी मारायचे हे लोक, एवढं मोठं मर्चंट जहाज पहिल्यांदाच.

ऑफिसला मेल टाकला. उत्तर आलं की दुसरा रूट लांबचा पडतो, तेल जास्त जाईल, तरी निर्णय पूर्णपणे मास्टरचा, म्हणजे कॅप्टनचा. जहाजावर काम केलेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. म्हणजे जा, आणि काही झालं तर जबाबदार तू.

तर आम्ही गेलो. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलोय कारण परवा कुणीतरी विचारलं की अबू सय्याफ म्हणजे आयसिसचीच फिलिपिन्स शाखा ना? मी हो म्हणणार होतो, सोपं होतं ते, पण मग आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आठवला.

बोसन झाम्बोआंगाचा. मिंदानाओ बेटाचं नैऋत्येचं टोक, समोर बासिलान बेट, फेरीनं तास-दीड तास. पन्नाशीचा माणूस, ख्रिश्चन, घरी चाव्हाकानो बोलायचा, म्हणजे ऐकताना अर्धी स्पॅनिशच वाटते अशी भाषा. आम्ही डेकवर काटेरी तार लावत होतो, ती रेझर वायरची गुंडाळी ग्लोव्ह्ज घालूनसुद्धा हात फाडते, आणि मी सहज म्हणालो, "बोस, हे अबू सय्याफ म्हणजे नक्की कोण रे?"

त्यानं तार सोडली नाही. म्हणाला, "कुठलं अबू सय्याफ, सेकंड? एक्याण्णवचं, दोन हजारचं, की आत्ताचं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. पुढं दोन-तीन रात्री माझ्या बारा-चारच्या वॉचला तो जादा लुकआउट म्हणून ब्रिजवर उभा असायचा आणि अंधारात बोलत राहायचा, आणि नंतर मी स्वतः जे काही वाचलं त्यातून कळलं की त्याचा प्रश्न किती बरोबर होता.

पण एक्याण्णवच्याही आधी जावं लागतं, बरंच आधी. स्पॅनिश लोक 1565 मध्ये फिलिपिन्समध्ये ठाण मांडून बसले तेव्हा दक्षिणेत त्यांना मुसलमान सापडले, सुलूची सल्तनत होती, मागिंदानाओची होती, आणि स्पेनमधून मूरांना, म्हणजे तिथल्या मुसलमानांना, हाकलून आलेल्या या लोकांनी इथल्या मुसलमानांनाही तेच नाव चिकटवलं, मोरो. शिवीच होती ती. तीनशे वर्षं लढून दक्षिण काही त्यांच्या पूर्ण हातात आली नाही, तरी 1898 मध्ये पॅरिसच्या तहात त्यांनी अख्खं फिलिपिन्स 2 कोटी डॉलरला अमेरिकेला देऊन टाकलं, जे आपलं नव्हतंच तेही धरून. अमेरिकेनं आधी 1899 मध्ये सुलूच्या सुलतानाशी करार केला, तुमच्यात लुडबुड करणार नाही म्हणून, आणि 1904 मध्ये एकतर्फी मोडला. 1906 मध्ये सुलूतल्या होलो बेटावर बुद दाहो नावाच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात जाऊन बसलेल्या शेकडो लोकांना, बायका-पोरांसकट, मारलं. होलोचं स्पेलिंग इंग्रजीत जे चालतं ना, त्यावरून आपण त्याला जोलो म्हणतो. बोसन दरवेळी दुरुस्त करायचा.

हे सगळं इतिहासाचं झालं. खरी गोम जमिनीत आहे. अमेरिकन राजवटीत सरकारी जमिनीचे कायदे आले आणि 1919 च्या कायद्यात सरळ लिहिलेलं होतं की ख्रिश्चन माणसाला 24 हेक्टरपर्यंत जमीन मिळेल आणि 'गैर-ख्रिश्चन' माणसाला 10. मुळात ज्यांच्या बापजाद्यांची जमीन होती त्यांच्याकडं कागद नव्हता, आपल्या भाषेत सातबाराच नव्हता, आणि उत्तरेतून येणाऱ्याच्या हातात कागद. पुढं स्वातंत्र्यानंतरही मनिलातल्या सरकारांनी हेच चालू ठेवलं, उत्तरेच्या लुझोन बेटावर कम्युनिस्ट बंडखोर शरण आले तर त्यांनाही मिंदानाओत जमीन देऊन पाठवलं, म्हणजे तिकडची डोकेदुखी इकडं. दोन-तीन पिढ्यांत मुसलमान आपल्याच भागात अल्पसंख्य झाले. बोसनचे आजोबा असेच व्हिसायाहून, म्हणजे मधल्या बेटांवरून, आलेले, हे त्यानं स्वतःच सांगितलं, काही लपवलं नाही. "आम्हाला वाटलं रिकामी जमीन आहे," म्हणाला.

आणि मग 1968 ची ती भानगड, जबिदा. राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या लोकांनी सुलूकडची तरुण मुसलमान पोरं गुपचूप भरती केली, मलेशियाच्या सबाहमध्ये घुसवायला, कारण सबाह आपलंच असं फिलिपिन्सचं म्हणणं. मनिलाच्या उपसागरात कोरेगिदोर बेटावर ट्रेनिंग चालू होतं, पोरांना भत्ता मिळेना, शिवाय आपल्याला कुणाविरुद्ध लढवणार हे कळल्यावर ती बिथरली, सबाहमध्ये त्यांचेच नातेवाईक की. मार्चमध्ये त्यांना गटागटानं बाहेर काढून गोळ्या घातल्या. जिबिन आरुला नावाचा एक जण पायात गोळी घेऊन समुद्रात पडला, पोहला, कोळ्यांनी उचलला, म्हणून ही गोष्ट बाहेर आली. कोर्टमार्शल झालं, सगळे सुटले.

त्यातून नूर मिसुआरी उभा राहिला. फिलिपिन्स विद्यापीठातला प्राध्यापक, त्यानं मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट काढला, एमएनएलएफ, आणि शिवी म्हणून चिकटलेलं 'मोरो' हेच नाव छातीवर लावून घेतलं. 1972 च्या सप्टेंबरमध्ये मार्कोसनं मार्शल लॉ लावला, सगळ्यांनी बंदुका जमा करा असा हुकूम, आणि तिकडं बंदूक जमा करणं म्हणजे घरातला पुरुष जमा करण्यासारखंच, त्यामुळं वणवाच पेटला. 1974 च्या फेब्रुवारीत होलो शहर जळून राख झालं. या सगळ्या दशकांच्या संघर्षात मेलेल्यांचा आकडा साधारण 1 लाख 20 हजार असा सांगितला जातो.

एमएनएलएफ धर्माच्या नावानं लढत नव्हता. म्हणजे लोक मुसलमान, पण मागणी स्वतंत्र देशाची, नंतर स्वायत्ततेची. 1976 च्या डिसेंबरमध्ये लिबियात त्रिपोलीला करार झाला, गद्दाफी मध्यस्थ, त्याला पटवायला इमेल्दा मार्कोस स्वतः जाऊन आलेली. 13 प्रांतांना स्वायत्तता द्यायचं ठरलं. मार्कोसनं नंतर आपल्या पद्धतीनं सार्वमत घेऊन त्या कराराचं पाणी केलं. तिथून फाटे फुटायला लागले. हाशिम सलामात, कैरोच्या अल-अझरला शिकलेला, तो बाहेर पडला आणि त्याचा एमआयएलएफ झाला, त्यात 'नॅशनल'च्या जागी 'इस्लामिक' आलं. 1989 मध्ये पुन्हा सार्वमत, आणि 13 प्रांतांतले चारच स्वायत्त भागात आले. बासिलान त्यात नव्हतं.

हे लक्षात ठेवा, कारण अबू सय्याफ नेमकं तिथं जन्मलं.

अब्दुराजाक जंजलानी बासिलानचा. बाप मुसलमान, आई ख्रिश्चन घरातली, काही वर्षं शिकला तोही क्लॅरेशियन मिशनऱ्यांच्या कॅथलिक शाळेत. मग शिष्यवृत्तीवर सौदीला, लिबियाला, आणि ऐंशीच्या दशकात परत आला तो मशिदीमशिदीत प्रवचनं करत. बोलायचा चांगला म्हणतात. समोर बसलेली पोरं कोण, तर ज्यांचे बाप-काका एमएनएलएफमध्ये लढले आणि हाताला काही न लागता घरी बसले ती. मिसुआरी विकला गेला, वाटाघाटी म्हणजे फसवणूक, हे त्यांना वेगळं पटवून द्यायची गरजच नव्हती. संघटनेचं अधिकृत नाव अल-हरकतुल इस्लामिया, पण चाललं ते अबू सय्याफ, तलवारवाला अशा अर्थाचं, आणि त्याचा संबंध अफगाणिस्तानातल्या सय्याफ नावाच्या मुजाहिदीन नेत्याशीही लावला जातो. पैशांची सोय लावण्यात बिन लादेनचा मेहुणा मोहम्मद जमाल खलिफा याचं नाव येतं, तो तिथं एक धर्मादाय संस्था चालवायचा. म्हणजे हे बोसनचं 'एक्याण्णवचं' अबू सय्याफ. त्या वर्षी झाम्बोआंगा बंदरात लागलेल्या डुलोस नावाच्या मिशनऱ्यांच्या जहाजावरच्या लोकांवर त्यांनी बॉम्ब टाकला, दोन परदेशी बायका गेल्या. बोसन तेव्हा तिशीच्या आतला, बंदरातच हमाली करायचा. आवाज ऐकला होता म्हणाला, आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेला.

1995 च्या एप्रिलमध्ये मिंदानाओतल्या इपिल नावाच्या गावावर हल्ला झाला, सैनिकी कपडे घातलेले दोनशेच्या आसपास लोक, 50 हून जास्त माणसं मेली, बाजार जाळला आणि हो, बँका लुटल्या. धर्माच्या लढाईत बँका कशाला हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. 1998 च्या डिसेंबरमध्ये अब्दुराजाक बासिलानवरच्या लामितानमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. आणि इथं मामला पूर्ण फिरतो.

कारण त्याच्या जागी आला धाकटा भाऊ, खदाफी जंजलानी. (नाव बघा, गद्दाफीचंच. त्या भागात लिबियाचा केवढा दबदबा होता ते एका नावातच कळतं.) भावासारखा ज्ञानी नव्हता, विशीतला पोरगा, त्याला मानणार कोण. संघटना अशी एक राहिलीच नाही, बासिलानची टोळी वेगळी, सुलूची वेगळी, प्रत्येकाचा कमांडर, प्रत्येकाचे भाऊ, चुलत भाऊ, मेहुणे. आपण बातमीत 'संघटना' वाचतो तेव्हा डोळ्यासमोर ऑफिस, शिक्का, पायऱ्या असं काहीतरी येतं. तिकडं असं काही नाही. बोसन म्हणायचा, "एक कमांडर, वीस नातेवाईक, चार बोटी. झालं अबू सय्याफ." मोठं काम असलं की गावातली आणखी पोरं बोलवायची, कुणी पहारा करतो, कुणी भात शिजवून पाठवतो, सगळ्यांना वाटा. काम संपलं की पोरं परत मासेमारीला. सैन्य येतं तेव्हा त्यांना दिसतात ते कोळी.

दोन हजार साल म्हणजे त्यांची सोन्याची खाण. मार्चमध्ये बासिलानच्या शाळांतून पन्नासच्या वर मुलं, शिक्षक आणि एक पाद्री उचलले. तो पाद्री क्लॅरेशियन, म्हणजे ज्या मिशनऱ्यांच्या शाळेत थोरला जंजलानी शिकला त्यांचाच. त्याला मारलं. आणि एप्रिलमध्ये सुलूच्या टोळीनं, म्होरक्या गालिब आंदांग ऊर्फ कमांडर रोबोट, थेट समुद्र ओलांडून मलेशियाच्या सिपादान बेटावरच्या डायव्हिंग रिसॉर्टमधून 21 जण पळवले, त्यात 10 पर्यटक, आणि त्यांना होलोच्या जंगलात आणून ठेवलं. जगभरचे पत्रकार होलोत येऊन थडकले, कमांडर रोबोट कॅमेऱ्यासमोर मुलाखती देतोय, आणि मग मुलाखती घ्यायला गेलेल्या पत्रकारांनाच धरून ठेवलं, त्यांचेही पैसे. शेवटी लिबियानं मध्यस्थी केली, माणशी 10 लाख डॉलर दिल्याचं तेव्हा सगळीकडं छापून आलं, लिबियाचं म्हणणं ही खंडणी नाही, विकासनिधी आहे. हा विकास कसला झाला तर नव्या बंदुका आल्या, जास्त हॉर्सपॉवरची इंजिनं आली आणि टोळ्यांत येणाऱ्यांची रांग लागली. काहीशे माणसं होती ती सरकारी हिशोबानं हजाराच्या वर गेली. एका बेटावर, जिथं मासे आणि नारळ सोडून कमाईचं साधन नाही तिथं. मला सांगा, विशीतल्या पोरानं काय करायचं होतं? मी समर्थन करत नाहीये, नुसता विचारतोय.

पुढच्याच वर्षी मे 2001 मध्ये पलावान बेटाजवळच्या दोस पालमास रिसॉर्टवरून 20 जण उचलले, त्यात तीन अमेरिकन. सुलू समुद्र आडवा कापून बासिलानला आणले. जूनच्या सुरुवातीला लामितानच्या एका हॉस्पिटलमध्ये ओलिसांना घेऊन शिरले, सैन्यानं चारी बाजूनं वेढा घातला, आणि संध्याकाळी हे लोक मागच्या दारानं चालत निघून गेले. जाताना हॉस्पिटलमधल्या नर्सही धरून नेल्या. वेढा असताना मागचं दार उघडं कसं यावर संसदेत चौकश्या झाल्या, पैसे खाल्ल्याचे आरोप झाले. बोसनच्या बायकोचं माहेर बासिलानचं. त्यानं हे सांगताना दोन्ही हात पसरून दाखवलं की इथं सैन्य, इथं सैन्य, आणि मध्ये बोटानं वाट काढली, सुळकन. हसला पण.

त्या तीन अमेरिकनांपैकी एकाचा शिरच्छेद केला, एक मिशनरी पायलट वर्षभरानं 7 जून 2002 ला सोडवायला गेलेल्या सैन्याच्या चकमकीत मेला, त्याची बायको वाचली, आणि त्या हॉस्पिटलमधल्या नर्सपैकी एक जी तोवर यांच्या ताब्यात होती तीही त्याच चकमकीत गेली. ती नर्स परदेशी नव्हती, तिच्यासाठी 10 लाख डॉलर द्यायला कुणी बसलं नव्हतं. हे मात्र बोसननं हसत सांगितलं नाही.

11 सप्टेंबर झाल्यावर अमेरिकन सैन्य आलं बासिलानला, 2002 च्या सुरुवातीपासून, रस्ते बांधले, विहिरी खणल्या, फिलिपिनो सैनिकांना शिकवलं. टोळ्या बासिलानहून होलोकडं सरकल्या. 2004 च्या फेब्रुवारीत मनिलाहून निघालेल्या सुपरफेरी 14 वर टीव्ही सेटमध्ये लपवलेला बॉम्ब फुटला आणि 116 जण गेले. समुद्रातल्या दहशतवादी हल्ल्यांत इतकी माणसं कधी गेली नव्हती असं म्हणतात. आम्हा जहाजवाल्यांना सोमालिया पाठ असतो, हे नाव मात्र मला बोसनकडून कळलं. खदाफी 2006 मध्ये मारला गेला.

आता आत्ताचं, म्हणजे आम्ही गेलो तेव्हाचं. बासिलानचा इस्निलोन हापिलोन, त्याच्या डोक्यावर अमेरिकेनं 50 लाख डॉलरचं इनाम लावलेलं, त्यानं 2014 मध्ये आयसिसशी निष्ठा जाहीर केली. काळे झेंडे, व्हिडिओ. पण सुलूच्या टोळ्यांचा धंदा तोच, फक्त झेंड्यामुळं भाव वाढला. 2016 च्या मार्चमध्ये कालिमंतानहून कोळशाची बार्ज ओढत फिलिपिन्सला निघालेल्या इंडोनेशियन टगवरचे 10 जण नेले. कोळसाच, आमच्यासारखाच. एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये दोन कॅनेडियन ओलिसांची मुंडकी उडवली, पैसे आले नाहीत म्हणून. सोमाली चाचे अख्खं जहाज धरून ठेवायचे, किनाऱ्याला नेऊन नांगरायचे, महिनोनमहिने बोलणी. हे लोक जहाजाला हातही लावत नाहीत, पंधरा-वीस मिनिटांत चार-पाच माणसं उचलायची आणि बेटांत गायब. त्यामुळं आमच्या सगळ्या तयारीचा, मशीन बंद करून सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून कुलूपबंद होणाऱ्या सुरक्षित खोलीत, जाऊन बसायचं वगैरे, त्याचा उपयोग वेळेवर पोचलो तर.

आणि भरलेलं बल्क कॅरियर म्हणजे काय, पाण्यापासून डेक चार-पाच मीटर वर, वेग 11 नॉट. बांबूची शिडी लावली तरी चढता येईल. फायर होज दोन्ही बाजूंना बाहेर तोंड करून चालू ठेवलेले, डेकचे दिवे बंद, पोर्टहोलला पुठ्ठे लावलेले, मेसमध्ये पत्तेसुद्धा कुणी खेळेना. सिबुतू पॅसेज साधारण 18 मैल रुंद, एका बाजूला सिबुतू, दुसऱ्या बाजूला तावी-तावी. रडारवर बारके बारके ठिपके, सगळे कोळी. असावेत.

मी बोसनला विचारलं, एवढं सगळं झाल्यावर ते मुसलमान-ख्रिश्चन भांडणच ना शेवटी? त्यानं तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. 2012 मध्ये सरकारनं एमआयएलएफशी नवा समझोता केला, मग मिसुआरीची माणसं खवळली, आमच्याशी 1996 मध्ये केलेल्या कराराचं काय, आणि 2013 च्या सप्टेंबरमध्ये ती झाम्बोआंगा शहरात घुसली. तीन आठवडे लढाई चालली. दहा हजारांच्या आसपास घरं जळाली, लाखाच्या वर लोक स्टेडियममध्ये आणि शाळांत. जळालेल्या वस्त्यांत मुसलमानच जास्त राहायचे. त्यातल्या सांता कातालिनात बोसनच्या बहिणीचंही घर होतं. "मोठा गट सही करतो, तेव्हा लहान गटाच्या हातात बंदूक उरते," म्हणाला. "सही मनिलात होते, सेकंड. बंदूक बेटावर राहते."

मी यावर खूप विचार केलाय आणि माझं मत असं झालंय की हापिलोनचा काळा झेंडा आणि कमांडर रोबोटची पैशांची पोती ही दोन वेगळी कारणं नाहीत. प्रत्येक करारात कुणीतरी पंक्तीबाहेर राहिला आणि त्या पंक्तीबाहेरच्यांना जो कुणी येऊन भेटला, कधी सौदीचा पैसा, कधी खंडणी, कधी आयसिस, त्याचं नाव त्यांनी लावलं. तरी हेही खरं की सुलूत लाखो लोक त्याच गरिबीत आणि त्याच अन्यायात राहिले आणि त्यांनी कुणाचं मुंडकं उडवलं नाही. त्यामुळं 'बिचारे' म्हणायला मी तयार नाही. या लोकांनी सर्वात जास्त लुटलं आणि पळवलं ते त्यांच्याच आजूबाजूच्या लोकांना.

आम्ही गेलो त्याच्या आगेमागेच एका जर्मन जोडप्याची शिडाची बोट त्या भागात सापडली, बायकोला गोळी घातलेली आणि नवरा गायब. हे दोघं 2008 मध्ये सोमाली चाच्यांच्या तावडीतून 52 दिवसांनी सुटलेले होते, तरी परत समुद्रातच. नवऱ्यासाठी 3 कोटी पेसो मागितले, आले नाहीत, फेब्रुवारी 2017 मध्ये त्याला मारला. आणि आम्ही पार गेल्यावर दोनेक आठवड्यांतच सूचना निघाली की मोठ्या जहाजांनी शक्यतो सुलू-सेलेबीसचा रूट टाळावा. म्हणजे त्यानंतर निघालो असतो तर ऑफिसनं लांबचा रूट घ्यायला सांगितलं असतं. कदाचित.

पुढचं पटकन सांगतो. 2017 च्या मे महिन्यात हापिलोनला पकडायला सैन्य मिंदानाओतल्या मरावी शहरात गेलं आणि त्यातून पाच महिन्यांची लढाई झाली, हजारावर मेले, साडेतीन लाखांच्या आसपास लोक घर सोडून पळाले, शहराचा मधला भाग भुईसपाट. हापिलोन ऑक्टोबरमध्ये मेला. 2019 च्या जानेवारीत मोरोंसाठीच्या नव्या बांगसामोरो स्वायत्त प्रदेशासाठी सार्वमत झालं, सुलू प्रांतानं बहुमतानं 'नको' म्हटलं तरी त्याला आत धरलं, आणि आठवड्याच्या आत होलोच्या कॅथेड्रलमध्ये दोन स्फोट झाले, 20 च्या वर माणसं गेली. मग हळूहळू माणसं शरण यायला लागली, सप्टेंबर 2023 मध्ये सुलू अबू सय्याफमुक्त झाल्याचं जाहीर झालं. 2024 मध्ये फिलिपिन्सच्या सुप्रीम कोर्टानं सुलूला त्या स्वायत्त प्रदेशातून बाहेर काढलं, मतदारांनी नको म्हटलं होतं म्हणून. आता सुलू परत पंक्तीबाहेर, यावेळी स्वतःच्या मतानं. बोसन काय म्हणेल यावर, माहीत नाही, तो केव्हाच रिटायर झालाय.

त्या रात्री अडीचच्या सुमाराला तावी-तावी उजव्या हाताला होतं. मी रडारवर डोळे लावून आणि पोर्ट विंगवर, म्हणजे ब्रिजच्या डावीकडच्या उघड्या टोकाला, एकदम निळा उजेड. मी धावत गेलो, शिवी तोंडात आलेली, बघतो तर बोसन खाली बसलेला, जॅकेट डोक्यावरून घेतलेलं आणि आत फोन. बेटावरच्या टॉवरचा सिग्नल लागला होता. सहा दिवसांनी. तीन-चार मिनिटं तो जॅकेटच्या आत चाव्हाकानोत कुजबुजत होता, मी मध्ये उभा राहून उजेड अडवला, बाकी काय करणार. उठला तेव्हा विचारलं, "सगळं ठीक ना घरी?"

"बहिणीच्या घराचे पत्रे आलेत," म्हणाला. "खिळे पाठवले नाहीत म्हणे दुकानदारानं." आणि दुर्बीण गळ्यात अडकवून परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.